विझन्ड

श्रीहर्षनं होसकोट्याहून फोनवर एक फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘अक्का, ही तूच ना?’ कमलानं दुधाच्या भांड्याखालचा गॅस बारीक केला, चष्मा लावला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. इंग्रजी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतलं पान होतं. कुणीतरी आपल्या शाळेवर लेख लिहिला होता. पेटेतली, जुन्या बाजारातली मुलींची शाळा, फाटकाशी तिखटमीठ लावून कैरी विकणारी म्हातारी, शिवणाच्या तासाला हरवणाऱ्या सुया, आणि मध्येच इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई. बाईंचं नाव दिलेलं नव्हतं. पण खडू रुमालात गुंडाळून धरणाऱ्या आणि कविता वाचताना मध्येच थांबून, दाराबाहेर कुणी ताटकळत उभं असल्यासारखा कानोसा घेणाऱ्या बाई त्या शाळेत दुसऱ्या कोण असणार? रस्त्यात चालता चालता कुठल्याशा काचेत आपणच आपल्याला पाठमोरं दिसावं तसं तिला झालं. मग तिची नजर दोन शब्द मागे सरकली आणि बाईंच्या आधी लावलेल्या विशेषणाशी अडखळली. विझन्ड. ‘आमच्या विझन्ड बाई.’ लेखाखाली नाव होतं संहिता. दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा कुठं कमलानं मान वर केली.

ओटा पुसून होतो न होतो तोच श्रीहर्षचा फोन आला. त्याचा उत्साह आवाजात मावत नव्हता. लेख त्यानं नातलगांच्या ग्रुपवर टाकला होता, म्हैसूरच्या मावसभावानं हात जोडले होते, कुणी फुलं पाठवली होती. मग त्याच्या बायकोनं, पद्मावतीनं, फोन घेतला आणि जरा संकोचत विचारलं, की विझन्ड म्हणजे वाइजच ना, जाणत्या, चार पावसाळे जास्त पाहिलेल्या? कमला नुसतं ‘हं’ म्हणाली. पद्मावतीला बरं वाटलं; तिनं तसंच सगळ्यांना कळवलं. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात त्या शब्दाचा खरा अर्थ ठाऊक असलेली कमला एकटीच होती. चूक दुरुस्त करायची तर सगळ्यांना सांगावं लागलं असतं, की बाबांनो, कौतुक आवरा, यात मला वाळलेली म्हटलंय, सुरकुतलेली म्हटलंय. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढली होती. ही एक चूक मात्र तिनं तशीच राहू दिली आणि दुपारपर्यंत आलेल्या नमस्कारांना उलट नमस्कार पाठवत बसली.

के. आर. पुरमच्या त्या फ्लॅटमध्ये ती आली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. आई गेली, जुनं घर विकलं गेलं, श्रीहर्ष कारखान्याजवळ राहायला गेला, आणि तिच्या वाट्याला आलेल्यातून तिनं स्टेशनाजवळच्या या उंच इमारतीत दोन खोल्या घेतल्या. खिडकीतून तारांवर लोंबकळणारा तो पूल दिसायचा, त्याच्याखाली रेल्वेचे रूळ, बाजूनं मेट्रो. सगळा दिवस माणसं कुठून तरी कुठे तरी जात असायची. तिच्या मजल्यावर थांबणारं कुणी नव्हतं. शेजारच्या भाग्यलक्ष्मीशी कन्नडमध्ये दोन वाक्यं व्हायची, पाणी आलं का, कचरावाला गेला का. कामवालीशी तमिळ-कन्नडची खिचडी. सोसायटीच्या बैठकीत हिंदी. मराठी तिच्या घरात आता फक्त फोनवर बोलली जाई, आणि तीही रविवारी. बाकीचे दिवस ती भाषा आतल्या आत फिरत राहायची, बंद खोलीत माशी फिरते तशी. म्हणूनच असेल, तो इंग्रजी शब्द डोक्यात घुसला तेव्हा तिथं आधी मराठीच जागी झाली. विझन्ड. विझलेली. चुलीतलं लाकूड विझतं, समईतली वात विझते. विझलेली बाई. तिनं स्वतःला बजावलं की याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, ती भाषा वेगळी, तो मुलूख वेगळा. पण कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना, लिफ्टची वाट बघत उभी असताना तो शब्द कानात पडतच राहिला, आणि दर वेळी कुणीतरी फुंकर घातल्यासारखं व्हायचं.

तिला तो शब्द नीट माहीत होता. तिनंच तो शिकवला होता. नववीच्या पुस्तकात दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराचा एक धडा होता, त्यात त्याच्या तोंडाला हे विशेषण लावलं होतं. पहिल्या वर्षी तिनं मुलींना या शब्दावर वाक्य लिहायला सांगितलं तेव्हा जवळजवळ सगळ्या वर्गानं लिहिलं, की माझे आजोबा फार विझन्ड आहेत, सगळे त्यांचा सल्ला घेतात. वाइज या शब्दाची सावली त्याच्यावर पडली होती, ती मुलींना खरी वाटली. पुढच्या वर्षापासून ती कपाटामागे पडून राहिलेलं एखादं लिंबू घेऊन जायला लागली. मुलींना ती सांगायची, की शहाणपणाशी याचं काही नातं नाही. फार जुन्या इंग्रजीत वाळण्याला, कोमेजण्याला एक क्रियापद होतं, त्यातून हा निघाला. झाडं सुकायची, त्यांना ते लोक हा शब्द वापरायचे. मग तो फळांना लागला, हातांना लागला आणि माणसांच्या चेहऱ्यावर येऊन बसला. साडीला पडलेली चुणी वेगळी, ती बाहेरून पडते आणि इस्त्रीनं जाते. हसून हसून डोळ्यांशी पडलेली रेघ वेगळी. ही सुरकुती आतून येते, आतलं पाणी गेल्यामुळे. म्हणून दगडाला कुणी असं म्हणत नाही, कागदाला म्हणत नाही. जे कधी रसानं भरलेलं होतं त्यालाच म्हणतात. एवढं सांगून ती लिंबू पहिल्या बाकावर ठेवायची आणि ते मागच्या बाकापर्यंत हातोहात जायचं. त्यात संहिता होती का? त्या दिवशी ती वर्गात आली असेल तर तिनं लिहिलेल्याचा एक अर्थ होत होता, आली नसेल तर दुसरा. कमलानं डोळे मिटून हजेरी घेऊन पाहिली. खिडकीशी बसणारी, दोन वेण्यांची, शाईनं बोटं माखलेली एक मुलगी दिसली. त्या दिवशी ती तिथं होती की नाही, हे काही केल्या दिसेना.

आणि खरी बोचणी वेगळीच होती. आता चौसष्टाव्या वर्षी कुणी सुरकुतलेली म्हटलं तर त्यात खोटं काय? आंघोळ झाल्यावर ती आरशात बघायची तेव्हा गळ्याखालची कातडी तिला दिसतच होती. भाग्यलक्ष्मी मागे एकदा आपल्याच हाताकडे बघून ‘सुक्कु बंतु’ म्हणाली होती, सुरकुत्या आल्या, आणि दोघी हसल्या होत्या. पण संहिता नववीत होती तेव्हा कमला एक्केचाळीस वर्षांची होती. केस काळे होते, साडीची निरी अजून टाचून नीट बसायची, जिने ती एका दमात चढायची. एक्केचाळिसाव्या वर्षी आपण सुकलेल्या दिसत होतो? मुलींना लहानपणी सगळीच मोठी माणसं म्हातारी वाटतात, हे ती स्वतःला सांगून बघे, पण समाधान व्हायचं नाही. कारण ते वर्ष कोणतं होतं हे तिला ठाऊक होतं. दुसरं कुठलंही वर्ष असतं तर तिनं हसून सोडून दिलं असतं.

त्या वर्षी रत्नाकर होते. पुण्याकडचे, सरकारी कारखान्यात इंजिनिअर, बायको जाऊन काही वर्षं झालेले, मूलबाळ नाही. दर शनिवारी ती मराठी ग्रंथालयात पुस्तकं द्यायला-घ्यायला बसायची, तिथं ते यायचे. पहिल्याच दिवशी ती त्यांना ‘स्वल्प बसा, कपाट उघडून देते’ म्हणाली, जरा बसा अशा अर्थानं, आणि ते हसू दाबत खुर्चीत बसले. तिचं बोलणं त्यांना फार आवडायचं. म्हणायचे, तुमची माणसं शहाजीराजांच्या मागून इकडे आली आणि येताना शब्दांची पेटी घेऊन आली, आम्ही तिकडे आमची केव्हाच मोडीत काढली. आधी तिला वाटलं हे आपली थट्टा करतायत. पुण्यामुंबईची माणसं करायचीच. बदलून येणारे इंजिनिअर, त्यांच्या बायका, तिचं मराठी ऐकलं की एकमेकांकडे बघायच्या. पण रत्नाकर एखादा शब्द आवडला की तो तिच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायचे आणि पुढच्या शनिवारी स्वतः वापरायचे, चुकीच्या जागी. ती दुरुस्त करायची. असं करता करता एका शनिवारी तिच्या लक्षात आलं, की आठवडाभरात घडलेली प्रत्येक गोष्ट आपण मनात सांगण्यासारखी करून ठेवतो आहोत. आईच्या तक्रारी, मुलींच्या चुका, बसमधलं भांडण, सगळं शनिवारपर्यंत जपून. इतकं बोलणं आपल्यात होतं हे तिला माहीतच नव्हतं. त्या दिवसांत ती भरलेली होती. दुसरा शब्द तिला सुचत नव्हता.

मग त्यांची पुण्याला बदली झाली. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, स्कूटरची किल्ली बोटात फिरवत त्यांनी विचारलं, की तुम्ही याल का. त्यांनी फार शब्द वापरले नाहीत आणि तिला त्यांची गरजही नव्हती. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती, अर्धं अंग गेलेलं. श्रीहर्षचा कारखाना नुकता उभा राहत होता आणि पद्मावतीला दिवस गेले होते. कमला म्हणाली, स्वल्प थांबा. तेव्हा ते म्हणाले होते, ‘आमच्याकडे स्वल्प म्हणजे अगदी थोडं. तुमच्याकडे किती असतं?’ ती हसली. ते हसले नाहीत. त्यानंतर ते थांबले, खरोखर थांबले, बदली दोनदा पुढे ढकलून घेतली, आणि ती दर शनिवारी तेच म्हणत राहिली. शेवटी एका संध्याकाळच्या गाडीनं ते गेले. ती स्टेशनवर येणार होती. आईला ताप चढला म्हणून ती गेली नाही. ताप फारसा नव्हता. पट्ट्या बदलत ती पलंगाशी बसून राहिली. आईच्या हाताला तेल चोळताना ती कातडी बोटांखाली सरकायची, हाडावरून सैल झालेल्या पिशवीसारखी, आणि आई डोळे मिटून विचारायची, गाड्यांचा आवाज येतोय का गं? घराजवळ रेल्वे नव्हतीच. आईला असं काही ना काही ऐकू यायचंच. त्या संध्याकाळी मात्र कमला ‘हो’ म्हणाली.

घरात कुणाला कळलं नाही. श्रीहर्षला आजही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडी बदलून, डबा भरून, नेहमीच्या बसनं शाळेत गेली आणि पहिल्या तासाला कविता शिकवली. आपल्या आयुष्यात अभिमान धरावा असं काय, असा विचार ती क्वचित करायची, आणि केला की तिच्या मनात तो तास यायचा. बक्षिसं, निकाल, निरोपसमारंभातली शाल यांतलं काही नाही. तो एक तास. तिच्या आठवणीत तो सलग होता, एक टाका न उसवलेला. पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत तिनं शिकवलं होतं आणि पन्नास जोडी डोळ्यांना काही म्हणजे काही दिसू दिलं नव्हतं. चेहरा कसा ठेवायचा हे आपल्याला येतं, ही तिची पुढच्या सगळ्या वर्षांची शिदोरी होती. त्यावरच तिनं आईचं उरलेलं आजारपण काढलं, घर रिकामं केलं, या खिडकीत येऊन बसली. आणि आता चौदा वर्षांची एक पोर इतक्या वर्षांनी सांगत होती, की बाई वाळलेल्या दिसत होत्या. म्हणजे दिसत होतं. म्हणजे सगळ्या वर्गाला दिसत होतं आणि ती एकटी समजत होती की दार बंद आहे.

तिनं त्या वर्षीचा वर्गाचा फोटो शोधून काढला. ऊन समोरून होतं, सगळ्यांनी डोळे बारीक केले होते. मधल्या खुर्चीत ती बसलेली होती, हात मांडीवर, आणि उन्हानं कपाळावर ज्या आठ्या पडल्या होत्या त्या उन्हाच्याच होत्या की आणखी कशाच्या, हे सांगता येत नव्हतं. भिंग लावलं तर चेहऱ्याचे ठिपकेच झाले. तिला स्वतःची लाज वाटली. एका विशेषणापायी आपण असे झालो आहोत हे कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असं वाटलं. पाहणारं कुणी नव्हतं, तरी तिनं फोटो उलटा ठेवला. एक-दोनदा तिनं मनाला समजावलं, की संहितेला वाइजच म्हणायचं असेल, मुलींना तो शब्द तसाच वाटतो, पद्मावतीला वाटला तसा. मग लगेच दुसरं मन म्हणायचं, की म्हणजे तू जे शिकवलंस तेही त्या मुलीपाशी राहिलं नाही. एका अर्थानं ती सुकलेली ठरत होती, दुसऱ्या अर्थानं तिचा तास वाया गेलेला. यातलं कुठलं बरं, हेही ठरवता येईना. आठवडा असाच गेला. शेवटी लेखाखाली दिलेल्या मेलच्या पत्त्यावर तिनं एकच ओळ पाठवली, की मी कमला, तुम्हाला इंग्रजी शिकवायची, जमल्यास भेटावं म्हणते, आणि खाली आपला नंबर लिहिला. तासाभरात संहितेचाच फोन आला आणि ती चक्क मराठीत बोलली. ‘मिस, मी येऊ का तुम्ही येता? मी महादेवपुऱ्यात असते.’ कमलाला ती मुलगी मराठी घरातली आहे हे तेव्हाही माहीत होतं. पण शाळेत कमलानं ते कधी दाखवलं नव्हतं. इंग्रजीच्या बाईंनी इंग्रजीतच बोलायचं असतं.

महादेवपुरा मेट्रोनं दोन स्टेशनांवर, पण त्या बाजूला कमला फारशी गेलेली नव्हती. स्टेशनातून उतरल्यावर धुळीचा रस्ता, काचेच्या इमारती, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरुण माणसं घोळक्यानं जेवायला निघालेली. ऑटोवाल्यानं ‘स्वल्प मुंदे’, जरा पुढे, म्हणत तिला फाटकापासून बरंच पुढे सोडलं आणि ती उन्हात मागे चालत आली. चालताना तिनं वाक्य जुळवून ठेवलं होतं. सहज विचारल्यासारखं विचारायचं, शब्दाबद्दल बाईंना असते तेवढीच उत्सुकता दाखवायची. कॉफीच्या दुकानात गारवा इतका होता की तिला पदर खांद्यावरून घ्यावा लागला. आणि मग समोरून एक उंच, कानाशी दोन-चार केस पिकलेली बाई भराभरा आली आणि एवढ्या लोकांसमोर वाकून पाया पडली. तिच्या बोटांना आता शाई नव्हती. कमलाला वाटलं, आपण हिला ओळखलं नसतं. आणि हिनं मात्र दारातून आपल्याला ओळखलं.

कॉफी येईपर्यंत संहिता बोलत राहिली. तिचं ऑफिस, तिचा मुलगा, शाळेची इमारत पाडून आता तिथं काय उभं राहिलंय ते. घरचं मराठी बोलायची ती, मध्ये कन्नड, मध्ये इंग्रजी, आणि ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणून वाक्य संपवायची. कमलाला ते ऐकताना कुठंतरी खोल बरं वाटत होतं, आणि जुळवलेलं वाक्य मागे मागे पडत होतं. शेवटी ती म्हणाली, की लेख छान झालाय, भाषा स्वच्छ आहे, फक्त एक शब्द. तो का वापरलास?

संहितेनं कप खाली ठेवला. ‘तो शब्द माझा नाही, मिस.’

मग ती सांगायला लागली. लेख तिनं बराच मोठा लिहिला होता. छापायच्या आदल्या दिवशी पुरवणीतल्या माणसानं फोन केला, की जाहिरात आली आहे, इंग्रजीच्या बाईंवरचा भाग काढावा लागेल, एका वाक्यात आणतो. त्यानं विचारलं, बाई कशा होत्या दिसायला? तिनं सांगितलं, की त्या वर्षी एकाएकी सुकून गेल्यासारख्या दिसायला लागल्या होत्या. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. छापून आल्यावर तिनं तो शब्द पाहिला आणि तिला वर्गात हातोहात फिरलेलं लिंबू आठवलं. ‘मला कसंतरीच झालं. म्हटलं, मिस वाचणार नाहीत, कुठं वाचतात. मग तुमचा मेल आला.’

म्हणजे ती त्या दिवशी वर्गात होती. कमलानं मान डोलावली. प्रश्न विचारून झाला होता, उत्तर मिळालं होतं, जेवणाची सुट्टी संपून दुकान रिकामं व्हायला लागलं होतं. आता उठायला हरकत नव्हती. पण उठायच्या आधी, केवळ बाईपणाच्या सवयीनं, तिनं विचारलं, ‘काढलेल्या भागात काय होतं?’

‘तो दिवस होता, मिस. तुम्ही फळ्याकडे वळलात तो.’

कमलाला काही कळलं नाही. तिनं तसं सांगितलं. संहिता तिच्याकडे बघत राहिली, थट्टा तर नाही ना असं चाचपत, आणि मग हलक्या आवाजात सांगू लागली. पहिला तास होता. मिस कविता वाचत होत्या. दुसऱ्या कडव्यात मध्येच थांबल्या. नेहमी थांबायच्या तशा नाही, खूप वेळ. मग फळ्याकडे वळल्या आणि कोपऱ्यात तारीख लिहिली. पुसली. पुन्हा तीच तारीख लिहिली. आणि तशाच उभ्या राहिल्या, पाठ करून. रुमाल खाली पडला होता तो उचलला नाही. खांदे हलत होते.

‘नाही,’ कमला म्हणाली. ‘मी शिकवली ती कविता. पूर्ण शिकवली.’

‘दुसऱ्या दिवशी शिकवलीत, मिस. त्या दिवशी घंटा होईपर्यंत तुम्ही वळलाच नाहीत.’

दुकानातला गारवा एकदम वाढल्यासारखा झाला. कमलानं तो तास आठवून पाहिला, नेहमीच्या जागी, आणि तो तिथं होता, सलग, नीट. फक्त या वेळी हात लावल्यावर तो हलला. खडू ओला लागत होता. फळ्यावरच्या रेघा अगदी जवळून दिसत होत्या, इतक्या जवळून की कपाळ टेकलेलं असावं. इतकी वर्षं ही जागा कुठं होती? तिनं आवाज सांभाळून विचारलं, की मग मुली? मुलींनी काय केलं? पन्नास मुलींचा वर्ग, घंटेपर्यंत, बाई पाठमोऱ्या. गलबला कसा झाला नाही? मुख्याध्यापिका तर पहिल्या तासालाच फेरी मारायच्या.

‘श्रीविद्या उठली आणि तिनं दार लावलं,’ संहिता म्हणाली. ‘आवाज न करता. मागच्या बाकावरची श्रीविद्या, आठवते? मग आम्ही सगळ्यांनी पुस्तकात डोकी घातली.’

‘कुणी सांगितलं तसं करायला?’

‘कुणी नाही, मिस. सुम्ने, अशीच घातली. तुम्ही वळाल तेव्हा कुणी बघत असू नये म्हणून. नळावर आम्ही एवढंच ठरवलं, घरी सांगायचं नाही. कुणी नाही सांगितलं.’ तिनं कप बाजूला सारला. ‘मी तेच लिहिलं होतं. लेख त्याच्यासाठीच होता. त्यांनी नेमकं तेवढंच काढलं.’

कमलाच्या मनात आता चेहरे येत होते, एकामागून एक, आणि नावं येत नव्हती. पुढे दहावी होईपर्यंत त्या मुली तिच्या हाताखाली होत्या. तिनं त्यांना बाकावर उभं केलं होतं, मार्क कापले होते, वेण्यांना रिबीन नाही म्हणून बोलली होती, आणि त्या सगळ्या जणी, पन्नासच्या पन्नास, ते जवळ बाळगून तिच्यासमोर बसत होत्या. श्रीविद्येला आपण एकदा वर्गाबाहेर काढल्याचंही तिला आठवलं. ती गेली होती, उलट न बोलता, जाताना दार हलकेच ओढून घेऊन. त्या मुली मोठ्या झाल्या, गावोगाव गेल्या, आणि ते कुठं ना कुठं असेलच त्यांच्यापाशी. आपण एकट्यानं काढलं असं ती समजत होती ते सगळं कुणाकुणाच्या देखत निघालं होतं. यानं बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटतही होतं. पण त्याहून जास्त वाटत होतं ते वेगळंच, की हे तेव्हा कळतं तर. की एखादीनं तरी मान वर केली असती तर.

‘काय झालं होतं मिस त्या दिवशी?’ संहितेनं विचारलं. मग लगेच म्हणाली, की नको असेल तर नको.

हा प्रश्न कुणी विचारला तर द्यायचं उत्तर एके काळी कमलानं तयार ठेवलं होतं. आईची तब्येत, असं काहीतरी. आईनं विचारलं नाही, श्रीहर्षनं विचारलं नाही, शिक्षकांच्या खोलीत कुणी विचारलं नाही, आणि वापर नसल्यामुळे ते उत्तर केव्हा नाहीसं झालं तेही कळलं नव्हतं. आता हात घातला तर तिथं काही नव्हतं. ती म्हणाली,

‘एक जण होते. पुण्याचे. रत्नाकर नाव. आदल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं गेले. मी स्टेशनवर जाणार होते, गेले नाही.’

एवढंच निघालं. आणखी खूप असेल असं तिला वाटलं होतं; इतकी वर्षं जपलेली गोष्ट सांगायला निदान दुपार तरी लागावी. पण सांगून झालं तेव्हा कॉफीवरचा फेसही बसलेला नव्हता. ते नाव तिनं मोठ्यानं उच्चारलं होतं, दुकानात, दिवसाउजेडी, आणि पलीकडच्या टेबलावरचा मुलगा आपल्या लॅपटॉपवर तसाच टाइप करत होता. काही झालं नाही. मग तिला जाणवलं की आपल्या हनुवटीखाली काहीतरी ओलं झालंय. रुमाल पिशवीत होता आणि पिशवी खुर्चीच्या मागे अडकवली होती, आणि तिला हात हलवता येईना.

संहितेनं तिच्याकडे पाहिलं. तिनं हात पुढे केला नाही, पाण्याचा पेला सरकवला नाही. टेबलावरचं जाड पुठ्ठ्याचं मेनूकार्ड तिनं उचललं, उभं धरलं आणि त्यात डोकं घातलं. पुठ्ठ्याच्या वर फक्त तिचा भांग दिसत होता. ती मन लावून वाचत होती, पान उलटत होती, पुन्हा मागे येत होती. कमला त्या खाली घातलेल्या डोक्याकडे बघत राहिली. खुर्ची मागे सरकवून भिंतीकडे वळता आलं असतं. ती वळली नाही. तशीच समोर तोंड करून, डोळे न पुसता, बसून राहिली.